माळवदाचा गारवा, वजनाशिवाय : बार्शी तालुक्यातल्या घरबांधणीच्या नोंदी

२२ नोव्हेंबर २०२३ : आखणी

चुन्याची फक्की टाकून आखणी झाली. प्लॉट ६० बाय ४०, लांब बाजू पूर्व-पश्चिम, रस्ता पश्चिमेला. घर ९५० चौरस फूट, एकमजली, आणि ते जुन्या माळवदासारखं (मातीच्या जाड सपाट छपराच्या घरासारखं) उन्हाळ्यात गार राहावं हा हेतू. लांब भिंती दक्षिण आणि उत्तरेला, आखूड भिंती पूर्व-पश्चिमेला. एवढी एक गोष्ट जमली की अर्धं काम कागदावरच होतं, आणि त्याला पैसा लागत नाही.

वाद झाला तो पश्चिमेवरून. रस्ता तिकडे, म्हणून घराचं तोंड तिकडे, हॉलची मोठी खिडकीही तिकडेच, असं सगळ्यांचं म्हणणं. आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी पाचला ऊन इतकं तिरपं येतं की दोन फुटी छज्जाची सावली खिडकीवर जेमतेम फूटभर पडते. बाकीची खिडकी तापतच राहते. म्हणून पश्चिमेला जिना, न्हाणीघर आणि कोठीची खोली. माणूस जिथे बसत-झोपत नाही ते सगळं तिकडे. दार उत्तरेच्या ओसरीतून. चुलत्यांनी वास्तूचं पुस्तक आणून तपासलं, जिना पश्चिमेला चालतो म्हणे. मी हो म्हणालो आणि विषय संपवला.

दक्षिणेचं गणित उलट आहे. तिकडे सूर्य डिसेंबरात भर दुपारी ४८ अंशांवर असतो आणि मार्च-सप्टेंबरात ७२ अंशांवर. दोन फुटी छज्जा असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाला चार फुटी खिडकी दुपारी पूर्ण सावलीत जाते आणि थंडीत खालच्या अर्ध्या भागातून ऊन आत येतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडक्यांनाही छज्जा हवा. तो बरेच जण गाळतात.

६ डिसेंबर : पाया

काळी माती साडेचार फूट, खाली मुरूम. काळ्या मातीवर पाया ठेवायचाच नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंत तडकवते. मुरूम लागेपर्यंत खोदायचं, वाद नाही.

ईशान्य कोपऱ्यात मात्र पोकळ आवाज आला. जेसीबीचा दात खाली गेला आणि जुनं पेव उघडं पडलं. कधीकाळी कुणाची तरी ज्वारी त्यात राहिली असणार. नंतर कुणीतरी कचरा-माती लोटून ते बुजवलं होतं. ती भुसभुशीत भर काढता काढता खड्डा नऊ फुटांवर गेला. डबर आणि पातळ काँक्रीटने तो कोपरा वर आणला. न धरलेला खर्च २२,००० रुपये आणि आठवडाभर काम बंद. गावठाणाजवळ प्लॉट असेल तर खोदाईआधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं. आमच्या शेजारच्या आजींना त्या पेवाची माहिती होती, आम्ही त्यांना नंतर विचारलं.

१९ जानेवारी २०२४ : जोतं

डबराचं बांधकाम, वर आरसीसीचा जोत्याचा पट्टा. इंजिनीअरने तीन पट्टे सांगितलेत : जोत्याला, लिंटेलला (दार-खिडक्यांच्या माथ्याला) आणि स्लॅबच्या पातळीला. शिवाय प्रत्येक कोपऱ्यात उभी सळई. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला त्याचा हादरा इकडेही बसला होता. तेव्हापासून या भागात माळवद म्हटलं की लोक दचकतात, आणि बरोबरच आहे. माळवदाखाली उन्हाळ्यात काय गार वाटतं ते मी आजोळी अनुभवलंय. पण दीड फूट माती म्हणजे डोक्यावर दर चौरस फुटाला सत्तर किलोच्या आसपास वजन, आणि तेही मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर. सगळा खटाटोप आहे तो हाच, की तो गारवा मिळावा आणि ते वजन डोक्यावर नसावं.

जोत्यात भरायला मुरूम मागवला होता. मी दुपारी जेवायला गेलो तेवढ्यात जेसीबीवाल्याने उपसलेली काळी माती आत लोटली. ‘फुकटची भर आहे, दादा.’ अर्धी खोली भरली होती, सगळी काढायला लावली. मुरूम नऊ इंचांच्या थरांत टाकून, पाणी मारून, धुम्मस करून घेतला. ही भर बसली नाही तर पुढे फरशी खचते आणि ते दुखणं कायमचं.

६ फेब्रुवारी : पोकळ भिंत

बाहेरच्या भिंती आणि मधली एक आडवी भिंत रॅट-ट्रॅप बाँडमध्ये बांधतोय. केरळात आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी ही पद्धत रुजवली. वीट आडवी न ठेवता कुशीवर उभी ठेवायची. दोन्ही बाजूंना तीन-तीन इंचांची वीट, मध्ये तीन इंच पोकळी, भिंत मिळून नऊ इंचच. ठरावीक अंतरावर एक वीट आडवी जाऊन दोन्ही बाजू जोडते. विटा साधारण पाऊणपट लागतात आणि मधली हवा उन्हाला अडवते.

यासाठी ९ बाय ४ बाय ३ची वीट लागते. आमच्या भागात भट्टीवर सहा इंची वीट जास्त मिळते, ती इथे उपयोगाची नाही. मुळात विटेची उंची तीन इंच नेमकी हवी, नाहीतर मधली पोकळी कधी दोन इंच, कधी चार होते. पहिल्या भट्टीच्या विटांत अर्धा इंच कमी-जास्त निघालं. गाडी परत पाठवली, भाडं आमच्या अंगावर. दुसऱ्या भट्टीवर जाऊन ढिगातून दहा विटा उचलल्या, एका रांगेत उभ्या लावल्या, वर ओळंब्याची दोरी ताणली आणि मग ऑर्डर दिली. वीट ८ रुपये पोच.

मिस्त्रींनी आयुष्यात अशी भिंत बांधलेली नव्हती. ‘पोकळ भिंत म्हणजे उंदरांना बिनभाड्याचं घर,’ हे त्यांचं मत. त्यावर उत्तर सोपं आहे : सगळ्यात खालचा आणि वरचा थर, खिडकी-दाराच्या बाजू आणि खिडकीखालचा थर भरीव. कुठेही पोकळी उघडी सोडायची नाही.

१३ फेब्रुवारी

पहिली चार फूट भिंत पाडली. बाहेरून सरळ, ओळंब्यात, दिसायला झकास. मी वरून टॉर्च मारला तर पोकळी मालाने अर्धी भरलेली. सवयीने थापीभर माल टाकून वीट दाबली की जादाचा माल आत पडतो. मग ती भिंत ना पोकळ ना भरीव. मिस्त्री रागावले, ते साहजिक होतं.

तोडगा त्यांनीच काढला. तीन इंचांपेक्षा जरा कमी रुंदीची फळी, दोन्ही टोकांना दोरी. ती पोकळीत आडवी ठेवायची, तिच्यावर माल पडू द्यायचा, थर झाला की दोरीने वर ओढून झटकायची आणि पुढच्या थराला पुन्हा ठेवायची. सेंट्रिंगच्या (स्लॅबच्या साच्याच्या) लाकडातून तासाभरात चार फळ्या बनल्या. त्यानंतर आतून भिंत स्वच्छ. ज्यांना हे करायचंय त्यांनी पहिल्या दिवशी आधी फळ्या बनवाव्यात, मग विटा भिजवाव्यात.

मजुरी ब्रासवर (बांधकामाच्या मापावर) न देता रोजावर ठेवली. ब्रासवर दिली असती तर वेगासाठी सगळं भरीवच झालं असतं.

९ मार्च : वायरिंगची हाणामारी

इलेक्ट्रिशियन कटर घेऊन आला आणि नेहमीप्रमाणे भिंतीत आडवी खाच मारत सुटला. तीन इंचांच्या विटेत दीड इंच खाच म्हणजे राहिलं काय? हॉलच्या भिंतीत चार विटा फुटून आत पडल्या. तेवढा पट्टा काढून पुन्हा बांधला.

खरं तर पोकळी हीच पाइपची तयार वाट. उभे पाइप भिंत बांधतानाच पोकळीत सोडायचे, बोर्डाच्या जागी वीट भरीव करून डबी बसवायची. आडवा पाइप एकही नाही, सगळे वर स्लॅबमधून. त्यासाठी बोर्ड कुठे आणि पाण्याचा नळ कुठे, हे जोतं झाल्यावर लगेच ठरवावं लागतं. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या बोर्डांची जागा आईने भिंत सहा फुटांवर गेल्यावर ठरवली. मिक्सरचा बोर्ड आता खिडकीच्या डावीकडे आहे आणि ओटा उजवीकडे. त्याबद्दल मला रोज ऐकावं लागतं.

१२ एप्रिल : स्लॅब

फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या अर्ध्या भागातलं काँक्रीट ताणाला काही कामाचं नसतं, तिथे ताण सळई घेते. मग सळयांच्या चौकोनांत काँक्रीटऐवजी मंगलोरी कौलं ठेवायची, दोन-दोन, एकमेकांवर पालथी, मध्ये हवा. पाडलेल्या गोदामाची जुनी कौलं ७ रुपयांना एक मिळाली, सव्वासातशे नग. काँक्रीट अंदाजे पाचवा हिस्सा कमी लागलं. पैशात १२,००० वाचले, ५,००० कौलांत गेले. मोठी बचत नव्हे. खरा फायदा वजनाचा, आणि खालून दिसणाऱ्या कौलांमुळे गिलाव्याची गरज राहिली नाही.

कौलांची मांडणी भिंतीपासून सुरू करू नका. आम्ही तशी केली आणि खोलीच्या मधोमध, जिथे पंख्याचा हुक यायचा, तिथे बरोबर कौल आलं. हुक काँक्रीटच्या पट्टीतच हवा. एका खोलीतली सगळी कौलं उचलून पंख्याच्या जागेपासून चारी दिशांना पुन्हा मांडली, काठाला उरलेली जागा भरीव सोडली.

एप्रिलचं ऊन, म्हणून पहाटे साडेचारला मिक्सर सुरू केला. कौलं आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवली होती. कोरडं कौल काँक्रीटमधलं पाणी ओढून घेतं आणि भोवती भुसभुशीत कडा राहते. व्हायब्रेटरची सुई कौलाला लागू देऊ नये, हे चारदा सांगूनही दोन ठिकाणी कौलं सरकली. सेंट्रिंग काढल्यावर ती तिरपी दिसली आणि शेजारी काँक्रीटला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं. इंजिनीअरने पाहून ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरून घ्यायला सांगितलं.

दहा वाजता संपलं. संध्याकाळी आळी करून पाणी साठवलं. यंदा पावसाने ओढ दिली होती, बोअर अडखळत चाललेलं, त्यामुळे पाणी टँकरचं. क्युरिंगच्या (काँक्रीट ओलं ठेवायच्या) पाण्यावर एकूण १४,००० गेले. अंदाजपत्रकात ते शून्य होतं.

१४ मे : उघडा स्लॅब

१,२०० रुपयांचा इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. दुपारी अडीचला स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ६१ अंश. खालून तेव्हा ३७. मिस्त्री म्हणाले, ‘बघा, गारच आहे की.’ रात्री साडेआठला परत मोजलं : वर ३५, खाली ४१. दुपारी स्लॅबने गिळलेली उष्णता आत पोचायला काही तास लागतात आणि नेमकी झोपायच्या वेळेला ती खाली सुटते. आमच्याकडे लोक रात्री गच्चीवर झोपतात ते याचसाठी.

म्हणजे पहिला पैसा एसीवर किंवा काचेवर नाही, स्लॅबच्या माथ्यावर.

५ जून : कोबा आणि चायना चिप्स

पाऊस तोंडावर, म्हणून घाई. विटांच्या तुकड्यांचा कोबा सरासरी चार इंच, वर ऊन परतवायला पांढऱ्या टाइल्सचे तुकडे, म्हणजेच चायना चिप्स. कोब्याचं वजन चौरस फुटाला सतरा किलोच्या घरात, म्हणजे माळवदाच्या पाव. इंजिनीअरने ते स्लॅबच्या हिशेबात आधीच धरलं होतं. नंतर सुचलं म्हणून कोबा चढवू नये.

टाइल्सच्या दुकानांतून फुटका माल पोत्याने स्वस्तात मिळतो. पण पोत्यात पांढऱ्याबरोबर चॉकलेटी आणि काळेही तुकडे येतात. कामगारांनी ‘डिझाइन’ म्हणून मधोमध काळं फूल काढलं. फूल सुरेख होतं, तरी उचकटायला लावलं. दुसरी अडचण फटींची. मोठे तुकडे लांब-लांब बसवले की मधल्या राखाडी सिमेंटची जागा वाढते आणि पांढऱ्याचा अर्थच जातो. तुकडे जवळ-जवळ, फटीत व्हाइट सिमेंट. कोबा आणि चिप्स मिळून १,०९,००० रुपये. घरातली ही सगळ्यात सार्थकी लागलेली रक्कम.

जुलै–सप्टेंबर

जुलैत सगळे गवंडी वारीला, पंढरपूर इथून जवळच. १७ तारखेची एकादशी झाल्यावरही काला होईपर्यंत कुणी फिरकत नाही. हे गृहीत धरूनच वेळापत्रक करावं. मग बाहेरून गिलावा. रॅट-ट्रॅप भिंत उघडी ठेवायची पद्धत आहे, पण आमची वीट पाणी शोषणारी, म्हणून पावसाच्या बाजूला तरी गिलावा हवाच.

खिडक्या बिजागरीच्या, सरकत्या नाहीत. सरकती खिडकी सहसा निम्म्याहून जास्त उघडत नाही. बाहेर जाळी, आत झडप.

छताखाली प्रत्येक खोलीत नऊ इंची झरोके ठेवले, गरम हवा वरून जाण्यासाठी. जिन्याच्या टोपीलाही वर जाळीची खिडकी. कागदावर सुंदर कल्पना. प्रत्यक्षात गांधीलमाश्यांनी पहिल्याच महिन्यात दोन झरोके ताब्यात घेतले, आणि वावटळ आली की सगळी धूळ आत. आईने त्यांत साडीचे बोळे कोंबले. शेवटी प्रत्येकाला बारीक जाळी आणि दोरीने ओढायची पत्र्याची झडप, नगाला ३५० रुपये. ही झडप पहिल्यापासून नकाशात हवी होती.

३ डिसेंबर : सोलर

३ किलोवॅटचं ऑन-ग्रिड (वीजकंपनीच्या लाइनला जोडलेलं), केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून ७८,००० अनुदान. पॅनेल गच्चीलगत न बसवता आठ फूट उंच सांगाड्यावर, पश्चिमेच्या खोलीच्या बरोबर वर. वीज मिळते आणि दीडशे चौरस फुटांवर सावलीही पडते. उंच सांगाड्याचे १८,००० जादा. नट-बोल्ट नीट आवळले आहेत ना, ते स्वतः वर चढून बघा, मेमधली वादळं साधी नसतात.

गावात अनेकांना वाटतं की सोलर बसवलं की लाइट जाणारच नाही. ऑन-ग्रिड असेल तर लाइन गेली की इन्व्हर्टरही बंद होतो. लाइन दुरुस्त करणाऱ्या माणसाला आपल्याकडून उलट करंट जाऊ नये म्हणून ती सोय आहे. भर दुपारी, डोक्यावर लख्ख ऊन असताना घरात पंखा बंद. बॅटरी हवी तर हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो, त्याची किंमत वेगळी.

२० मे २०२५ : पहिला उन्हाळा

बाहेर ४२. दुपारी अडीचला चिप्सचा पृष्ठभाग ४७. रात्री साडेआठला कौलांच्या खालून ३६. शेजारच्या घरात, साध्या स्लॅबखाली, त्याच वेळी ४२. त्यांच्याकडे एसी आहे आणि तो नऊला सुरू होतो.

वापरायची पद्धत मात्र घरच्यांना शिकवावी लागली. सकाळी आठला सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. संध्याकाळी सात-साडेसातला बाहेरची हवा आतल्याहून गार झाली की सगळं सताड उघडं, झरोकेसुद्धा, पहाटेपर्यंत. पाहुणे आले की ‘खिडक्या उघडा ना, हवा येईल’ म्हणतात. दुपारी ४२ अंशांची हवा आत घेऊन काय करायचं? एप्रिल-मेमध्ये कूलर पुरतो, कारण हवा कोरडी. जून-जुलैत तो निरुपयोगी, तेव्हा पंखाच. पंखे सगळे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे), ३० वॅटच्या आसपास, जुन्यांना ७५ लागायचे.

कमी पडलेली जागा म्हणजे पश्चिमेची भिंत. जिन्याची बाजू संध्याकाळी हाताला चटका देते आणि कोठीतला गूळ पाघळतो. तिथे दोन फूट अंतर सोडून लोखंडी पाइपचा मांडव घातलाय, मधुमालती लावलीय. अजून कमरेएवढी आहे.

हिशेब. विटांत २८,००० वाचले, रोजाच्या मजुरीत १५,००० जास्त गेले, पाडलेल्या आणि परत बांधलेल्या भिंतींत आणखी ९,०००. म्हणजे पोकळ भिंत स्वस्त पडली असं म्हणवत नाही, बरोबरीत सुटली. दुसरं घर बांधताना त्याच मिस्त्रींकडे ती नक्की स्वस्त पडेल. त्यांना आता माढ्याकडचं एक काम मिळालंय, फळ्या ते घेऊन गेले.

सोलर मोठं झालं. घराला कूलर, फ्रिज, मोटर धरून महिन्याला दीडशे-पावणेदोनशे युनिट लागतात आणि पॅनेल साडेतीनशेच्या वर देतं. एसी लागेलच या हिशेबाने ३ किलोवॅट घेतलं होतं. २ किलोवॅटला अनुदान ६०,००० मिळालं असतं आणि खिशातूनही कमी गेले असते. आधी एक उन्हाळा घरात काढा, बिल बघा आणि मग पॅनेलचं माप ठरवा. वायरचा पाइप आणि सांगाड्याचे बोल्ट तेवढे स्लॅब टाकतानाच सोडून ठेवा.

चिप्सवर नऊ महिन्यांत धुळीचा थर चढला होता. मार्चच्या सुरुवातीला खराट्याने घासून धुतल्या. न धुतलेला कोपरा मुद्दाम ठेवून मोजला, तो ५२ निघाला. पॅनेलही त्याच दिवशी धुऊन घ्यायचे, पाइप वर नेलेलाच असतो.